न पिकलेल्या कापसाची गोष्ट: शराफ रशीदोव आणि उझबेकिस्तानचा आकडा

कापसाची बैलगाडी संध्याकाळी भरून ठेवायची आणि रात्री तिच्यावर पाण्याचे दोन हात मारायचे, म्हणजे सकाळी काट्यावर वजन वाढतं. ही युक्ती आमच्या वऱ्हाडात शाळकरी पोरालाही ठाऊक असे. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला तर ती ठाऊक असेच. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस मुठीत दाबून बघायचा आणि मग शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. पुढे दोघांत जे ठरायचं ते ठरायचं. लहानपणी आजोबांबरोबर खरेदी केंद्राच्या रांगेत गाडीखाली झोपून दोन रात्री काढल्यात, त्यामुळे ती मूठ अजून डोळ्यासमोर आहे. सगळा मामला गाडीमागे पाच-दहा किलोंचा.

सोव्हिएत उझबेकिस्तानात हीच लबाडी वर्षानुवर्षं चालली, पण तिथे पाणीसुद्धा लागलं नाही. कारण गाडीच नव्हती. गाडीतला कापूसही नव्हता. होती ती फक्त पावती. तपास करणाऱ्यांच्या हिशेबाने 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 1980 च्या सुरुवातीला वर्षाला सुमारे दहा लाख टन कापूस असा निव्वळ कागदावर पिकत होता. त्याचे पैसे सरकारी बँकेतून मोजून दिले जात होते. आणि त्या आकड्याच्या जोरावर एक माणूस 24 वर्षं गादीवर टिकून होता. त्याचं नाव शराफ रशीदोव.

ही गोष्ट नुसती ‘मोठा घोटाळा झाला, मग पकडला गेला’ अशी सांगितली तर हाती काही लागत नाही. मुळात नसलेला कापूस विकता कसा येतो, हेच आधी समजून घ्यायला हवं.

हा माणूस होता कोण?

रशीदोव 1917 सालचा, जिझ्झाख गावचा. आधी शाळामास्तर, मग समरकंदच्या वर्तमानपत्रात संपादक. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन परतला. कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या, उझबेक लेखक संघाचा प्रमुख झाला. 1950 मध्ये, म्हणजे तेहतिशीही उलटली नव्हती तेव्हा, तो प्रजासत्ताकाच्या कायदेमंडळाचा अध्यक्ष झाला. हे पद मानाचं, हारतुऱ्यांचं. खरी सत्ता मिळाली ती मार्च 1959 मध्ये, जेव्हा तो उझबेक कम्युनिस्ट पक्षाचा पहिला सचिव झाला.

‘पहिला सचिव’ म्हटलं की आपल्याला मंत्रालयात फायली हलवणारा कुणी साहेब वाटतो. तसं नाही. सोव्हिएत संघात पंधरा प्रजासत्ताकं होती, आणि प्रत्येकात सरकार वेगळं, रशिया सोडून बाकीच्यांत पक्षही वेगळा. पंतप्रधान, मंत्री सगळे असत, पण शब्द चाले तो पक्षाच्या पहिल्या सचिवाचा. त्याला मुख्यमंत्री समजा. फरक एवढाच की या मुख्यमंत्र्याला मतदाराची धास्ती अजिबात नाही आणि हायकमांडची धास्ती दुप्पट. हायकमांड मॉस्कोत. शिवाय मॉस्को आपला एक निरीक्षक कायम शेजारच्या खोलीत बसवून ठेवी. तो म्हणजे दुसरा सचिव, बहुतेक वेळा रशियन किंवा स्लाव वंशाचा. पहिला सचिव स्थानिक, दुसरा मॉस्कोचे डोळे आणि कान. ही व्यवस्था नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे म्हणू लागले की ‘मॉस्कोला काही माहीतच नव्हतं’.

रशीदोव मॉस्कोला आवडण्यासारखा होता. सुसंस्कृत, मृदू बोलणारा, मुस्लिम नावाचा आणि लेखक म्हणवणारा. आशिया-आफ्रिकेतल्या पाहुण्यांना दाखवायला याहून चांगला चेहरा कुठला? भारताशी त्याचा संबंध आला तो याच भूमिकेतून. काश्मीरमधल्या एका लोककथेवर त्याने छोटी कादंबरीही लिहिली. जानेवारी 1966 मध्ये भारत-पाकिस्तान बोलणी झाली ती त्याच्याच ताश्कंदमध्ये. शास्त्रीजींबरोबर आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून तिथे होते. 10 जानेवारीला करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. आपल्याकडच्या बहुतेकांच्या मनात ताश्कंद हे नाव तेवढ्याच एका रात्रीशी जोडलेलं आहे.

तिथल्या लोकांना 1966 आठवतं ते एप्रिलमधल्या भूकंपासाठी. सुमारे तीन लाख माणसं बेघर झाली. मग शहर नव्याने उभं राहिलं: रुंद रस्ते, कारंजी, भूकंप सोसतील अशा इमारती आणि 1977 मध्ये मध्य आशियातली पहिली भुयारी मेट्रो. तिच्या एका स्थानकाच्या खांबांवर-भिंतींवर कापसाच्या बोंडाची नक्षी आहे. हे सगळं रशीदोवच्या काळातलं. म्हणून आजही ताश्कंदमधली म्हातारी माणसं त्याच्याबद्दल बोलताना लगेच ‘चोर’ म्हणत नाहीत. मलाही तो शब्द अपुरा वाटतो. का, ते पुढे येईल.

सगळं वजन एकाच तराजूत

उझबेकिस्तानात कापसाला ‘पांढरं सोनं’ म्हणत. मॉस्कोने हे प्रजासत्ताक कापसासाठीच राखून ठेवलं होतं म्हणा ना. सोव्हिएत संघाचा साधारण दोन-तृतीयांश कापूस एकटा उझबेकिस्तान देई. तो तिथे कातला-विणला मात्र फार थोडा जाई. रुईच्या गाठी रेल्वेने दोन-तीन हजार किलोमीटर दूर रशियात, इवानोवोसारख्या गिरण्यांच्या शहरांत जात. म्हणजे ऊन, पाणी आणि मजुरी उझबेक, आणि कापड रशियन. आपल्या आजोबा-पणजोबांना ही रचना ओळखीची वाटली असती. कापूस नागपूरचा आणि गिरण्या मँचेस्टरच्या.

1960 मध्ये तिथलं उत्पादन साधारण 30 लाख टन होतं. 1970 पर्यंत ते 45 लाखांच्या आसपास गेलं. मॉस्कोची भूक मात्र थांबेना. 50 लाख झाले, 55 झाले, मग 60 लाख टनांचा आकडा भाषणांतून घुमू लागला. द्राक्षमळे, खरबुजांची शेतं आणि गुरांची चराई मागे सरली. घरांच्या भिंतीपर्यंत कापूस लावला गेला. तोही वर्षानुवर्षं त्याच जमिनीत, फेरपालट न करता. कोणताही शेतकरी सांगेल, अशाने जमीन बसते. ती बसलीच. उतारा घटत गेला आणि लक्ष्य मात्र वाढत गेलं.

शरद ऋतू आला की शाळा-कॉलेजं ओस पडत. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, कारकून, सगळे वेचणीला. सप्टेंबर ते नोव्हेंबर अभ्यास बंद. यंत्राने वेचायचं तर आधी पानं गळायला हवीत, म्हणून विमानातून पानगळीचं औषध मारत. ते विषारी होतं, आणि खाली माणसं आणि मुलं असत. वर्तमानपत्रांत मात्र हसऱ्या मुलींचे फोटो, ओंजळीत कापूस.

आणि या साऱ्याच्या टोकाला एक आकडा. पहिल्या सचिवाची लायकी त्या आकड्यावर ठरे. प्रजासत्ताकाला घरं, रस्ते, धान्य, यंत्रं किती मिळणार हेही त्याच्याच भरवशावर. आकडा आला नाही तर पद जाणार. रशीदोवच्या आधीचा पहिला सचिव दोन वर्षांतच हटवला गेला होता. रशीदोवने ते जवळून पाहिलं होतं.

एका टनाचा प्रवास

आता ती पावती. उदाहरण माझं, मनाने घेतलेलं. समजा एका कोलखोझला, म्हणजे सामुदायिक शेतीला, 3,000 टन कापसाचं लक्ष्य दिलंय. पिकला 2,500. कोलखोझच्या अध्यक्षासमोर दोन वाटा. खरं सांगितलं तर तालुक्याचा सचिव त्याला बैठकीत उभं करून झाडणार, बोनस जाणार, कदाचित खुर्चीही जाणार. म्हणून तो दुसरी वाट धरतो. खरेदी केंद्रावर जाऊन म्हणतो, 500 टनांची पावती फाड.

केंद्रावरचा माणूस फुकट पावती का फाडेल? त्याला वाटा मिळतो. हा वाटा येतो कुठून? इथेच सगळी गंमत आहे. पावती फाडली की सरकारी बँक कोलखोझला पूर्ण 3,000 टनांचे पैसे देते. न पिकलेल्या 500 टनांची वेचणी दाखवायला मजुरांच्या यादीत खोटी नावं भरली जातात आणि त्या मजुरीची रोकड उचलली जाते. म्हणजे लबाडी स्वतःचा खर्च स्वतःच भागवते, आणि वर उरतंही.

पण खरेदी केंद्राच्या वहीत आता 500 टन कापूस जास्त आहे, आणि गोदामात नाही. ही तूट पुढे ढकलायची. कापूस जातो जिनिंगला. ज्यांनी जिनिंग पाहिलंय त्यांना माहीत आहे की तिथे हिशेब नेहमीच थोडा लवचीक असतो. तीन किलो कापसातून ढोबळमानाने एक किलो रुई निघते, बाकी सगळी सरकी. रुईचा उतारा नेमका किती पडेल हे ओल, कचरा आणि वाण यांवर ठरतं. म्हणून थोडी तूट ‘ओल जास्त होती’ म्हणून जिरवायची. थोडी ‘कचरा फार निघाला’ म्हणून. हलक्या प्रतीची रुई वरच्या प्रतीची म्हणून दाखवायची. सरकीला चिकटून राहिलेला आखूड तंतू आणि गाळही गाठींत भरायचा. आमच्याकडे ज्याला कवडी म्हणतात, तो किडका-डागाळलेला मालसुद्धा चांगल्यात मिसळायचा.

तरी सगळी तूट जिरत नाही. मग शेवटची पायरी. रशियातल्या गिरणीला रेल्वेचे डबे जातात. काही अर्धे भरलेले, काहींत नुसता गाळ आणि काही चक्क रिकामे. गिरणीतला अधिकारी डबा उघडतो, बघतो आणि ‘माल मिळाला’ अशी सही करतो. त्या सहीचा दर ठरलेला असे. पाकीट घेऊन माणूस डब्याच्याही आधी पोचलेला असे.

इथे आपल्या मनात प्रश्न येतो तो रास्त आहे. गिरणीत शेवटी सूत कमी निघणार ना? कुणीतरी ओरडणार ना? ओरडलं नाही, कारण कुणाच्याच खिशाला झळ लागत नव्हती. गिरणी सरकारची, पैसे सरकारचे, सुताचं लक्ष्यही सरकारने दिलेलं. गिरणीवाल्यालाही आपला आकडा वर कळवायचा होता, आणि त्यालाही तो फुगवायची सवय होती. आपल्याकडे महाराष्ट्रात 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, सगळा कापूस सरकारच घेई. लबाड्या तिथेही झाल्या. पण शेवटी गाठी बाजारात विकाव्या लागत, आणि बाजारातला गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने घेतो, म्हणून तोटा ताळेबंदात उघडा पडे. पडलाही, शेकडो कोटींनी. सोव्हिएत साखळीत स्वतःच्या पैशाने घेणारा असा एकही माणूस नव्हता. शेतापासून गिरणीपर्यंत सगळे एकाच मालकाचे नोकर, आणि मालकाला फक्त आकडा ऐकायचा.

या प्रकाराला रशियनमध्ये ‘प्रिपिस्की’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘वर लिहिलेलं’. आपल्या भाषेत ‘वाढीव लिहिणं’. गुन्ह्याच्या मानाने शब्द फारच गरीब.

पैसा खाली निर्माण होई आणि वर चढत जाई. कोलखोझचा अध्यक्ष तालुक्याच्या सचिवाला देई, तालुका प्रांताला, प्रांत ताश्कंदला आणि ताश्कंद मॉस्कोला. वाढदिवस, मुलीचं लग्न, मॉस्कोहून आलेला पाहुणा, प्रत्येक निमित्ताला पाकीट. जरीचा झगा पाहुण्याच्या खांद्यावर घालायचा ही तिथली जुनी रीत. त्या झग्याच्या खिशात काय असे ते वेगळं सांगायला नको. पदंही विकली जाऊ लागली, कारण प्रत्येक पद म्हणजे या शिडीची एक पायरी होती.

मॉस्कोला माहीत नव्हतं?

सोव्हिएत संघाचा तेव्हाचा सर्वोच्च नेता ब्रेझनेव. त्याला पदकं आवडत, घ्यायलाही आणि द्यायलाही. 60 लाख टनांची बातमी त्याला पदकापेक्षाही गोड लागे. रशीदोवला ‘समाजवादी श्रमवीर’ हा सर्वोच्च किताब 1974 मध्ये मिळाला आणि 1977 मध्ये पुन्हा मिळाला. 1961 पासून तो पॉलिटब्युरोचा उमेदवार सदस्य होता. म्हणजे देश चालवणाऱ्या डझन-दीड डझन माणसांच्या टेबलाशी त्याला बसता येई, मत मात्र देता येत नसे. बावीस वर्षं तो त्या उंबरठ्यावरच राहिला. आत घेतलं नाही आणि बाहेरही काढलं नाही.

मॉस्कोतल्या नियोजन खात्याला गाठी मोजता येत होत्या. शेजारच्या खोलीत दुसरा सचिव होता. तक्रारींची पत्रं पोत्यांनी येत. तरीही कुणी खोलात गेलं नाही, कारण आकडा खोटा ठरवला असता तर ज्याने तो व्यासपीठावरून वाचला तोही खोटा ठरला असता. खालच्याने खोटं लिहायचं आणि वरच्याने खरं मानायचं, असा तो न बोललेला करार होता.

मार्च 1982 मध्ये ब्रेझनेव ताश्कंदला आला. उझबेकिस्तानला मानाचं पदक द्यायचं होतं. तब्येत आधीच खालावलेली. 23 मार्चला विमानांच्या कारखान्यात फिरत असताना, त्याला बघायला कामगारांची गर्दी वरच्या मचाणावर चढली आणि ते मचाण थेट पाहुण्यांवर कोसळलं. ब्रेझनेवच्या गळपट्टीचं हाड मोडलं. तशाही अवस्थेत दुसऱ्या दिवशी त्याने ठरलेलं भाषण वाचून दाखवलं. आठ महिन्यांनी, नोव्हेंबर 1982 मध्ये, तो गेला. रशीदोवच्या डोक्यावरचं छत्र गेलं.

ब्रेझनेवच्या जागी आला युरी अन्द्रोपोव, पंधरा वर्षं केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खातं, सांभाळलेला माणूस. त्याच्याकडे प्रत्येकाची फाईल होती. आणि जुनं वैरही होतं, ते गृहखात्याशी. गृहखात्याचा मंत्री ब्रेझनेवचा जुना दोस्त, तर त्या खात्याचा पहिला उपमंत्री युरी चुर्बानोव म्हणजे ब्रेझनेवचा जावई. अन्द्रोपोवने गृहमंत्र्याला महिन्याभरातच घरी बसवलं. उझबेकिस्तानची फाईल उघडली ती या भांडणाच्या ओघात, हे विसरून चालणार नाही. भ्रष्टाचार खरा होता. पण तो नेमका तेव्हाच दिसू लागला, जेव्हा तो दाखवणं वरच्यांच्या सोयीचं झालं.

पहिला धागा एप्रिल 1983 मध्ये बुखाऱ्यात हाती लागला. केजीबीने एका पोलीस अधिकाऱ्याला लाच घेताना पकडलं. रक्कम जेमतेम हजार रुबल. हा अधिकारी होता समाजवादी मालमत्तेची चोरी रोखणाऱ्या खात्याचा प्रांतातला प्रमुख. चोर पकडायला नेमलेलाच पहिला सापडला. तो बोलू लागला आणि साखळी उलगडत गेली. सप्टेंबरपासून तपास मॉस्कोतल्या सरकारी वकिलांच्या खात्याकडे गेला, तेल्मान ग्द्लियान आणि निकोलाई इवानोव या दोघांच्या हाती.

रशीदोवपर्यंत मात्र कुणी पोचलंच नाही. 31 ऑक्टोबर 1983 ला तो वारला. वेचणीचा हंगाम संपत आलेला, वर्षाचा आकडा मॉस्कोला कळवायची वेळ. हृदयविकाराचा झटका, असं जाहीर झालं. विष घेतलं अशी कुजबुज लगेच सुरू झाली आणि अजून थांबलेली नाही, पण तिला पुरावा नाही. सहा दिवसांनी त्याला 66 वर्षं पूर्ण झाली असती. ताश्कंदच्या मध्यभागी सरकारी इतमामाने त्याला पुरलं. रस्त्यांना, संस्थांना त्याचं नाव द्यायचं ठरलं.

मेल्यानंतरची पडझड

एखाद्या नेत्याची घसरण म्हटली की अटक, खटला, तुरुंग असं चित्र आपल्या मनात येतं. रशीदोवची घसरण सुरू झाली ती मेल्यावर. जून 1984 मध्ये उझबेक पक्षाची बैठक भरली. मॉस्कोहून पक्षाचा वजनदार नेता येगोर लिगाचोव आला होता. काल-परवापर्यंत ज्यांनी रशीदोवच्या नावाने टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनीच उठून त्याच्यावर झोड उठवली. रस्त्यांवरचं नाव उतरलं. पुढच्या दोनेक वर्षांत त्याची कबरही उकरून शहराच्या मध्यातून हलवली. त्याच्या नावावरून एक शब्दच तयार झाला, ‘रशीदोवश्चिना’, म्हणजे रशीदोवगिरी. वर्तमानपत्रं तो शिवीसारखा वापरू लागली.

मेलेला माणूस आरोपी म्हणून किती सोयीचा! उत्तर देत नाही, आणि आणखी कुणाचं नावही घेत नाही.

जिवंत होते त्यांचे हाल झाले. तपासाच्या पाच-सहा वर्षांत आठशेच्या आसपास खटले चालले आणि चार हजारांहून जास्त माणसांना शिक्षा झाल्या, असं सांगितलं जातं. जिनिंग खात्याचा उझबेक मंत्री वाखोबजान उस्मानोव याला 1986 मध्ये मृत्युदंड सुनावला गेला आणि तो अंमलातही आला. जमिनीत पुरलेल्या सोन्याच्या नाण्यांचे, दागिन्यांचे डबे उकरून काढलेले फोटो देशभर छापून आले. रशीदोवच्या जागी बसवलेला इनामजान उस्मानखोजायेव, ज्याने जुन्या साहेबाच्या नावाने सर्वांत मोठ्याने बोटं मोडली होती, तोही 1988 मध्ये गजाआड गेला. जावईबापू चुर्बानोव यांना त्याच वर्षी मॉस्कोत बारा वर्षांची सजा झाली. आरोपपत्रातल्या रकमेचा फार मोठा भाग मात्र कोर्टात टिकला नाही.

मॉस्कोने ताश्कंदला नवे अधिकारीही पाठवले, शेकड्यांनी. स्थानिक लोक त्यांना ‘लाल हवाई तुकडी’ म्हणत, जणू शत्रूच्या मुलखात उतरलेले छत्रीधारी सैनिक. बातम्यांतही या सगळ्याचं नाव ‘कापूस प्रकरण’ राहिलं नाही, ‘उझबेक प्रकरण’ झालं. हे उझबेकांना फार लागलं. रिकाम्या डब्यांवर रशियन गिरणीतल्या अधिकाऱ्याचीही सही होती, पदकं मॉस्कोतून आली होती, पण डाग लागला एका जमातीला. वेचणीत कंबर मोडलेल्या, डोळ्यांत औषध गेलेल्या बाईलाही त्या नावात गोवलं गेलं.

ग्द्लियान आणि इवानोव काही काळ देशाचे हीरो होते. लाखो लोक त्यांच्या सभांना जात, 1989 मध्ये दोघे संसदेवर निवडून आले. मग त्यांनी खुद्द लिगाचोवकडे बोट दाखवलं आणि वारं फिरलं. त्यांच्या तपासाची पद्धत बाहेर आली: वर्षानुवर्षं खटल्याविना कोठडी, आरोपीच्या बायका-भावांना आत टाकून घेतलेले जबाब. दोघांना नोकरीतून आणि पक्षातून काढलं. बरेच खटले कोसळले. ज्या तपासाने आकडे खोटे ठरवले, त्या तपासातलेही काही आकडे दबावाखाली ‘वाढीव लिहिलेले’ होते. सवय अंगातच मुरलेली.

म्हणूनच रशीदोवला नुसतं चोर म्हणणं मला अपुरं वाटतं, आणि त्याला मॉस्कोचा बळी म्हणणं तर त्याहून खोटं. चोवीस वर्षं त्याने तो आकडा स्वतः व्यासपीठावरून वाचला. त्याच्या राज्यात कुणी तक्रार केली तर तिला काय फळ मिळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याकडे ‘एवढं पिकत नाही’ असं म्हणायला पद होतं, शब्द होते, लेखकाची लेखणी होती. त्याने ताश्कंदची मेट्रो मिळवली आणि तिची किंमत शेतातल्या पोरांकडून वसूल केली. हे दोन्ही एकाच माणसाने केलं.

डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला. स्वतंत्र उझबेकिस्तानचा अध्यक्ष इस्लाम करिमोव याने कापूस प्रकरणातल्या कैद्यांना माफी दिली. रशीदोवचं नाव रस्त्यांवर परत आलं, आता मॉस्कोच्या अन्यायाची खूण म्हणून. जिझ्झाख प्रांतातल्या एका तालुक्याला आज त्याचं नाव आहे. 2017 मध्ये जन्मशताब्दी थाटात झाली. तेव्हाचे अध्यक्ष शौकत मिर्झियोयेव हे त्याच प्रांतातले.

कागदावरच्या कापसाचं असं झालं. खऱ्या कापसाने मात्र खरं पाणी प्यायलं होतं. आमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या अरल समुद्राला मिळत. 1960 पर्यंत तो जगातला चौथा मोठा तलाव होता, सुमारे 68,000 चौरस किलोमीटरचा, म्हणजे विदर्भाच्या दोन-तृतीयांशाहून मोठा. नद्यांचं पाणी कालव्यांनी कापसाकडे वळलं. कालवे बहुतेक कच्चे, अर्धंअधिक पाणी वाळूत मुरे. 1980 च्या दशकाच्या शेवटी अरलचे दोन तुकडे झाले. मोयनाक हे कोळ्यांचं बंदर, तिथे मासे डबाबंद करायचा मोठा कारखाना होता. आता पाणी तिथून शंभरावर किलोमीटर मागे गेलंय. गंजलेल्या होड्या वाळूत रांगेने उभ्या आहेत आणि पर्यटक त्यांच्यावर चढून फोटो काढतात. वारा सुटला की तळातलं मीठ आणि त्यात मुरलेली फवारणीची औषधं गावांवर येऊन पडतात.

आणि कोटा? तो स्वतंत्र देशातही चालूच राहिला. शेतकऱ्याने किती हेक्टरांत कापूस लावायचा आणि किती टन द्यायचा हे सरकारच ठरवी. शरद ऋतूत शिक्षक, नर्सेस आणि विद्यार्थी पुन्हा शेतात जात. परदेशी कपडा कंपन्यांनी बहिष्कार टाकला तेव्हा कुठे हळूहळू हे थांबू लागलं. कापसाची सक्तीची सरकारी खरेदी मार्च 2020 मध्ये रद्द झाली. तोवर रशीदोवला जाऊन 36 वर्षं झाली होती.